बिलाच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं बोलावलं तेव्हा संयोजकांनी फोनवर विचारलं, "आपा, विषय काय ठेवू?" मी म्हटलं, लाइट बिल. पलीकडून थोडा वेळ काही आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, "नागरिकांचे हक्क असं लिहू का?" म्हटलं, लिहा. पण बोलणार मी लाइट बिलावरच आहे. येताना घरचं एक बिल घेऊन या असा निरोप तुम्हाला दिला होता. किती जणांनी आणलंय? हात वर करा. बरं, पंधरा-वीस आहेत. बाकीच्यांनी शेजाऱ्याच्या बिलात डोकवा.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगते, कारण मला हे सगळं तिथूनच कळलं. माझी अम्मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, बुरखे, शाळेचे गणवेश. ईदच्या आधी तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालू. पूर्वी पायाने चालवायची, मग गुडघे बोलायला लागले, म्हणून मशीनला मोटर बसवली. २०२३ च्या पावसाळ्यात एक गृहस्थ मीटर तपासायला आले. दोरीवर लटकलेले ब्लाउज बघितले आणि म्हणाले, "घरात धंदा चालतोय. घरगुती दर चालणार नाही, कमर्शियल लागेल. कलम १२६ लावलं तर मागचे पैसेही भरावे लागतील." लेखी काही दिलं नाही. पुढच्या महिन्याचं बिल आलं, त्यावर दर संकेत बदललेला. स्थिर आकार एकदम चौपट. कार्यालय कुठलं, माणूस कोण, ते मी सांगणार नाही. त्यांची बदली झाली, आणि माझा मुद्दा तो नाहीच.

अब्बा म्हणाले, "भरून टाकू. आपण कुठं भांडत बसायचं?" हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांच्या घरी बोललं जातं, मला माहीत आहे. कार्यालयात नाव सांगितलं की समोरच्याचा सूर बदलतो, हाही अनुभव काहींना असेल. मलाही आहे. पण त्या दिवशी आमची खरी अडचण वेगळीच होती. ते गृहस्थ बरोबर बोलतायत की चूक, हेच आम्हाला माहीत नव्हतं. ते बरोबर असते तर अब्बा म्हणाले तसं भरणंच योग्य होतं. फुकटची वीज आम्हाला नको होती.

मी तेव्हा बी.कॉम.ला होते. मोबाइलवर शोधायला बसले. काय सापडलं? दिल्लीचे दर. गुजरातचे दर. पाच वर्षांपूर्वीचे दर, त्यावर तारीख नाही. एका व्हिडिओत एक भाऊ ओरडून सांगत होता की २०० युनिटपर्यंत बिलच येत नाही. ते दिल्लीतलं होतं, पण तो सांगत होता मराठीत. दोन रात्री यात गेल्या. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतले एक चाचा, जे आयुष्यभर वायरमन होते, मला म्हणाले, "बेटा, मोबाइल ठेव आणि बिल उलटं कर."

बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात दर छापलेले असतात. आमच्या घरात वीस वर्षं बिलं येतायत, ती बाजू कुणी वाचली नव्हती. आम्ही बिल बघायचो ते दोनच गोष्टींसाठी, रक्कम आणि शेवटची तारीख. आणि त्या मागच्या बाजूवर एक शब्द होता, आयोग.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. हे नाव लिहून घ्या. आपल्याला वाटतं दर वीज कंपनी ठरवते, किंवा मंत्री ठरवतात. २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे राज्यात ग्राहकाला लागणारा दर आयोग ठरवतो. कंपनी फक्त अर्ज करते. आमचा खर्च इतका आहे, दर इतका हवा, असं म्हणते. त्या अर्जाची जाहिरात वर्तमानपत्रात द्यावी लागते. लोकांच्या सूचना आणि हरकती मागवाव्या लागतात, त्या विचारात घेऊन आयोगाने आदेश काढायचा. कायद्याच्या कलम ६४ मध्ये हे आहे.

भिवंडी, मालेगाव, मुंब्र्याहून कोण आलंय? तुमच्याकडे एक गैरसमज फार पक्का आहे. भिवंडीत २००७ पासून, मालेगावात आणि मुंब्रा-शीळ-कळव्यात २०२० पासून खासगी कंपनी फ्रँचायझी म्हणून काम बघते. लोक म्हणतात, कंपनी खासगी, म्हणून दर तिचा मनमानी. तसं नाही. फ्रँचायझी महावितरणच्या वतीने वीज पोहोचवते आणि वसुली करते. दर तोच, जो आयोगाने महावितरणसाठी मंजूर केलेला आहे. मीटर, थकबाकी, तोडणी यांच्या तक्रारी तुमच्याकडे असतील, त्या जरूर करा. पण "दर यांनी वाढवला" म्हणून मोर्चा काढलात तर तो चुकीच्या दारात जाईल. मुंबई शहरात मात्र बेस्ट, टाटा आणि अदाणी यांचे दर वेगवेगळे असतात, कारण प्रत्येकाचा आदेश वेगळा निघतो.

तर मी आयोगाचा आदेश उघडला. ३१ मार्च २०२३ चा. शेकडो पानं, सगळी इंग्रजीत. पहिल्या दहा पानांतच झोप येते. म्हणून युक्ती सांगते. पुढून वाचू नका. शेवटाकडे दरांचं परिशिष्ट असतं, तिथं प्रत्येक वर्ग दिलेला असतो. घरगुती, बिगरघरगुती, यंत्रमाग, उद्योग, शेती. प्रत्येक वर्गाखाली तो दर कुणाला लागू आहे याची यादी असते. घरगुतीच्या यादीत मला हे सापडलं: राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय किंवा धंदा करणारा ग्राहक, ज्याचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आहे आणि आदल्या आर्थिक वर्षात एकूण ३,६०० युनिटपर्यंत होता, त्याला घरगुतीच दर लागतो. वर्षाचा वापर ३,६०० च्या वर गेला तरच वर्ग बदलायचा, आणि तोही आधी कळवून.

मी आमची बारा बिलं काढली. अम्मी जुनी बिलं तांदळाच्या डब्याखाली ठेवते, तेव्हा मी त्यावरून हसायचे. बेरीज आली १,४१२ युनिट. शिवणयंत्राची मोटर साधारण शंभर वॅटची असते, दहा तास चालली की एक युनिट. ३,६०० युनिट वापरायला अम्मीला सगळ्या तालुक्याचे गणवेश शिवावे लागले असते.

ती यादी आणखी वाचण्यासारखी आहे. घरगुती वापराची एक फेजची घरघंटी तिच्यात आहे. घरातून काम करणारे वकील, डॉक्टर, सीए आहेत. विद्यार्थ्यांची वसतिगृहं आहेत. यतीमखाने आहेत. आणि प्रार्थनास्थळं आहेत, देऊळ, गुरुद्वारा, चर्च, मशीद, सगळी घरगुती दरात. पण त्याला एक अट जोडलेली आहे. आवारातला जो हॉल भाड्याने देता किंवा जिथं गाळे काढून धंदा चालतो, त्या भागाला बिगरघरगुती दर. मशीद कमिटीत बसणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगा. काही ठिकाणी मशिदीच्याच मीटरवरून गाळ्यांना वीज दिलेली असते. हे नियमात बसत नाही, आणि असं सापडलं तर भुर्दंड जमातीच्या चंद्यातून जातो. गाळ्यांचं मीटर वेगळं करून घ्या.

आता तुमची बिलं सुलटी करा. वर ग्राहक क्रमांक आहे. त्याच्या आसपास "दर संकेत" शोधा. घर असेल तर तिथं एलटी वन, रेस असं काही दिसलं पाहिजे. मग मंजूर भार. मग मागील रीडिंग आणि चालू रीडिंग, त्यांची वजाबाकी करून बघा. मीटरचा फोटो असतो, तो आकडा जुळतो का? फोटोत नुसता अंधार किंवा दुसऱ्याचंच दार असेल, तर रीडिंग घेतलंच नाही असं समजा. "लॉक्ड", "फॉल्टी", "इनॲक्सेस" असं काही लिहिलं असेल तर बिल सरासरीने आलंय.

मग आकार येतात. स्थिर आकार म्हणजे वीज वापरा न वापरा, जोडणी आहे म्हणून. वीज आकार म्हणजे युनिटचे पैसे. वहन आकार म्हणजे तारांवरून तुमच्या दारापर्यंत आणण्याचे. इंधन समायोजन आकार म्हणजे वीज खरेदीचा खर्च ठरवलेल्या दरापेक्षा वरखाली झाला तर त्यातला फरक, तो महिन्याला बदलतो. आणि वीज शुल्क, घरगुतीला १६ टक्के. हे शेवटचं राज्य सरकारचं आहे, आयोगाचं नाही आणि कंपनीचंही नाही. सवलतींचंही तसंच. यंत्रमागाला मिळणारी वीज सवलत सरकार देतं, त्यासाठी लागणारे पैसेही सरकारने द्यायचे असतात. दराबद्दल बोलायचं तर आयोगाकडे, शुल्क आणि सवलतीबद्दल बोलायचं तर आमदाराकडे. हा फरक कळला तरी तुमचं निम्मं पळणं वाचेल.

एक हिशेब करू. २०२४-२५ चे महावितरणचे आकडे घेते. दर बदलत राहतात, म्हणून पाठ करू नका, पद्धत बघा. पहिल्या १०० युनिटला ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५, पाचशेच्या वर १६.६४. वहन आकार युनिटला १.१७. स्थिर आकार १२८. इंधन आकार सध्या बाजूला ठेवू.

१०० युनिट वापरले तर ४७१ अधिक ११७ अधिक १२८, झाले ७१६. त्यावर १६ टक्के ११४ रुपये ५६ पैसे. एकूण ८३० रुपये ५६ पैसे. आता १०१ वापरले तर? इथं मला नेहमी एकच उत्तर मिळतं, "सगळ्या युनिटला वरचा दर लागतो, बिल डबल होतं." आमच्या मोहल्ल्यात महिन्याच्या शेवटी लोक पंखा बंद करून बसायचे, की शंभर ओलांडायला नको. अहो, वरचा दर फक्त १०१ व्या युनिटला. पहिले शंभर जुन्याच दरात राहतात. ते एक युनिट शुल्कासकट १३ रुपये २९ पैशांना पडतं, बिल होतं ८४३ रुपये ८५ पैसे. महाग आहेच. पहिल्या शंभरातलं युनिट शुल्क धरून ६ रुपये ८२ पैशांना आणि त्यापुढचं जवळजवळ दुप्पट, हे महाग नाही असं मी म्हणत नाही. पण उन्हाळ्यात आजारी दादीचा पंखा बंद करण्याइतकं ते एक युनिट महाग नाही.

या पायऱ्यांमुळे खरा मार कुणाला बसतो? एका मीटरवर तीन संसार असणाऱ्यांना. आपल्याकडे हे फार आहे. वर एक भाऊ, खाली एक, मागे अब्बा-अम्मी, आणि मीटर दादांच्या नावावर, जे जाऊन पंधरा वर्षं झाली. तीन घरांचे शंभर-शंभर युनिट एका मीटरवर आले की तीनशे होतात, त्यातले दोनशे वरच्या दराने. तीन वेगळे मीटर असते तर सगळे तीनशे खालच्या दराने पडले असते. हिशेब करा. एकत्र मीटरचं बिल ३,४८९.२८. वेगळ्या तिघांचे मिळून २,४९१.६८. महिन्याला हजार रुपयांच्या आसपास फरक, तोही स्थिर आकार तीनदा भरून. अर्थात स्वयंपाकघर, दार, राहणं खरोखर वेगळं असलं पाहिजे. नुसतं मीटर वाढवायला संसार कागदावर तोडू नका.

भाडेकरूंचं आणखी वाईट. घरमालक सबमीटर बसवतो आणि युनिटला बारा, पंधरा, मनाला येईल तो दर लावतो. कायद्याच्या कलम ४३ मध्ये शब्द आहेत मालक किंवा भोगवटादार. म्हणजे जो राहतो तो स्वतःच्या नावाने जोडणी मागू शकतो. आणि घरमालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय. मात्र हे माहीत असूनही भाडेकरू गप्प बसतो, कारण जोडणी मागितली तर घरच जाईल ही भीती. आणि आपल्या मुलांना भाड्याने घर मिळणं किती अवघड आहे, ते तुम्हाला मी काय सांगू. मग कुठं ताणायचं आणि कुठं नाही, ते ज्याचं त्याने बघावं. पण घरमालक आपलाच, आपल्याच जमातीतला असेल आणि शुक्रवारी पहिल्या सफेत बसत असेल, तर त्याच्याशी नीट बसून बोला. मूळ बिल दाखवा म्हणा. ते मागण्यात गैर काही नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जूनची बिलं बघून लोक रस्त्यावर आले होते, आठवतंय? रीडिंग बंद होती, तीन महिन्यांचे युनिट एकदम आले. लोकांना वाटलं सगळे वरच्या पायरीत टाकले. नियम असा की जितक्या महिन्यांचा वापर, तितक्या पटीने प्रत्येक पायरीची मर्यादा वाढते. तीन महिन्यांचं बिल असेल तर पहिली पायरी ३०० युनिटची. म्हणून बंद घराचं किंवा उशिराचं बिल आलं तर एवढं एकच तपासा, पायऱ्या वाढवून दिल्यात का?

मीटर जोरात पळतो अशी शंका असेल तर आधी घरी बघा. मीटरवर लिहिलेलं असतं, एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो. समजा ३,२०० लिहिलंय. घरातलं सगळं बंद करा. दिवा तरी लुकलुकतोय? मग तुमची वीज कुठंतरी जातेय, वायरिंग बघा. नाही ना? आता शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब अर्धा तास लावा. साधारण १६० वेळा लुकलुकायला हवा. दोनशेच्या वर गेला तर मीटर तपासणीचा अर्ज द्या. माझ्या धाकट्या भावाने हे केलं, त्याला १५८ मिळाले. दोन मोजायला तो चुकला असणार, कारण मधे क्रिकेट चालू होतं.

आमच्या अर्जाचं काय झालं ते राहिलं. आदेशातलं ते पान छापून घेतलं, त्या दोन ओळींखाली रेघ मारली, बारा बिलांच्या झेरॉक्स लावल्या आणि मराठीत एक पानी अर्ज लिहिला. अब्बा आले नाहीत. अम्मी आली, बुरखा घालून, हातात पिशवी. खिडकीवरच्या साहेबांनी पहिल्यांदा सांगितलं, "मीटर तुमच्या नावावर नाही, ज्यांच्या नावावर आहे त्यांना आणा." दादांना कुठून आणणार? पण कायद्यात ग्राहकाची व्याख्या आहे, ज्याच्या जागेला वीज जोडलेली आहे तोही ग्राहक. हे मी आदल्या रात्री वाचलं होतं, नाहीतर आम्ही तिथूनच परत फिरलो असतो. अर्ज घेतला. पोच दिली नाही. मी म्हटलं, पोच द्या. म्हणाले, पोच लागत नाही. अम्मी तिथं बाकावर बसली आणि म्हणाली, "मग मी बसते, मला घाई नाही." वीस मिनिटांनी शिक्का मिळाला. मला वाटतं त्या दिवशी माझ्या शेकडो पानांपेक्षा त्या वीस मिनिटांनी जास्त काम केलं.

तिसऱ्या बिलात दर संकेत परत घरगुती झाला. जादा घेतलेले पैसे वजा व्हायला आणखी दोन बिलं गेली, त्यासाठी मला दोनदा जावं लागलं. आमचं बघून गल्लीतल्या एका भाईंनी अर्ज केला, त्यांचं घरात झेरॉक्सचं दुकान, वर एसी. त्यांची वर्षाची बेरीज ३,६०० च्या वर निघाली. त्यांना कमर्शियलच लागलं, आणि ते बरोबर होतं.

कार्यालयात काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं, वकील लागत नाही. तिथला निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूरला. मात्र कलम १२६ खाली लेखी आकारणी आली असेल किंवा वीजचोरीचा, म्हणजे कलम १३५ चा मामला असेल, तर मंच ऐकत नाही. १२६ च्या अंतिम आदेशावर तीस दिवसांत अपील, आणि निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून कुणी तोंडी कलम सांगितलं तर नम्रपणे म्हणा, लेखी द्या. थकबाकीसाठी वीज तोडायची तरी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस हवी, कलम ५६. आणि आकडा टाकलेला असेल तर यातलं काहीच तुमच्या कामाचं नाही. आकडे आपल्या वस्त्यांत आहेत, इतर वस्त्यांतही आहेत. आपल्या वस्तीत आहेत म्हणून मी त्यावर पांघरूण घालणार नाही.

जनसुनावणीबद्दल बोलून थांबते. दरवाढीच्या अर्जावर पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, औरंगाबाद, नवी मुंबई अशा ठिकाणी सुनावण्या झालेल्या आहेत. मराठीत बोलता येतं. १९९० च्या दशकात एन्रॉनचा करार झाला तेव्हा अशी सोयच नव्हती, आयोगच १९९९ मध्ये आला. तरी पुण्याच्या 'प्रयास' गटाचे गिरीश संत आणि त्यांचे सहकारी तो करार घेऊन बसले, आकडे मांडले, आणि हा करार महाराष्ट्राला किती महागात पडेल ते लोकांना दाखवलं. ते इंजिनिअर होते, आपल्यातही आता इंजिनिअर कमी नाहीत. यंत्रमागवाले संघटना करून सुनावणीला जातात. घरून शिवणकाम करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या बायकांच्या वतीने कोण जातं, मला दिसलेलं नाही. ती ३०० युनिटची ओळ एखाद्या आदेशात काढून टाकली तर आमच्या अम्मीला कळणार कधी? बिल आल्यावर. पुढचा अर्ज येईल तेव्हा त्या ओळीवर मी हरकत-सूचना लिहिणार आहे, की ती राहू द्या. माझ्याबरोबर बसून लिहायला चार-पाच जण हवेत. इंग्रजी चांगलं असलेले दोन तरी.

आता चहा आहे. ज्यांनी बिलं आणलीत त्यांनी डाव्या बाजूच्या टेबलाजवळ या, आणि दर संकेत कुठं लिहिलाय ते बोटाने दाखवा. तिथून सुरू करू.